सोपा ट्रेक, ओढा आणि उघडी धार: तुमचे प्रश्न

या वेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच प्रकारच्या वाटेवरचे निघाले. ओढ्याच्या काठाकाठाने दरीतून आत जायचं, कुठेतरी चढून डोंगराच्या उघड्या धारेवर यायचं, मग धार धरून खाली आणि संध्याकाळी घरी. नवीन लोकांना हाच प्रकार आवडतो आणि त्यात काही चूक नाही, सावली, पाणी आणि वरचा मोकळा नजारा असं सगळं एका दिवसात मिळतं. म्हणून आज बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न: ताई, आम्ही ऑफिसमधले सहाजण आहोत, रोज चालायची सवय कोणालाच नाही. वाट गोल आहे, एकूण ११ किलोमीटर, चढ साधारण ४५० मीटर, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो एकदम सोपी आहे. सकाळी दहाला चालायला लागलो तर चारपर्यंत खाली येऊ ना?

याल बहुतेक. तरी दहाला निघू नका.

आधी हिशोब बघा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा आडाखा दिला होता जो अजून सगळीकडे वापरतात, ५ किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला लावला तर अंतराचे सव्वादोन तास, चढाचा पाऊण तास, म्हणजे झाले तीन तास. पण हा आडाखा तब्येतीने धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे, त्यात फोटो नाहीत, खाणं नाही, बुटाची लेस सुटणं नाही आणि "अरे थांबा रे जरा" म्हणणारा तर अजिबातच नाही. सवय नसलेल्या ग्रुपने त्यात निम्मा वेळ अजून घालायचा, साडेचार, वर थांबण्याचा एक तास, साडेपाच. आणि हा हिशोब करताना ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा डोळ्यासमोर ठेवायचा, सगळ्यात उत्साही नाही.

उतरताना वेळ भरून काढू असंही कोणीतरी म्हणेलच. तसं होत नाही. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं एक सूत्र मांडलं, त्यात माणूस सगळ्यात भरभर चालतो तो अगदी हलक्या उतारावर, तीनेक अंशाच्या, त्याहून उतार वाढला की वेग परत कमी होत जातो कारण पाय आवरायलाच ताकद लागते.

आता दहाला निघालात तर साडेतीन-चारला खाली याल हे कागदावर बरोबर आहे, पण मधला वेळ कुठे जाईल ते बघा. दरीत सावली असते तिथे तुम्ही दहा ते बारा, आणि डोक्यावर काहीही आडोसा नसलेल्या धारेवर बरोबर भर दुपारी साडेबारा ते तीन. ऊन तेव्हाच, आणि ढग चढायचे असतील तर तेही साधारण तेव्हाच. त्यामुळे अशा वाटेवर "किती वाजता परत येऊ" यापेक्षा "धारेवर किती वाजता असू" हे आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढायची. सहा-साडेसहाला चालायला लागा. तीच वाट तेव्हा खरंच सोपी असते.

प्रश्न: गोल वाट आहे म्हणजे दोन्ही बाजूंनी करता येते. ओढ्यातून वर जाऊन धारेवरून उतरायचं की धारेवरून चढून ओढ्यातून यायचं? ग्रुपमध्ये यावरून भांडणं झालीत.

भांडणासारखाच मुद्दा आहे, कारण दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे.

वाट चुकण्याच्या हिशोबाने बघितलं तर धारेवरून चढणं आणि ओढ्यातून उतरणं हे जास्त सोपं. डोंगराला सोंडा, म्हणजे मुख्य धारेपासून खाली उतरत जाणाऱ्या छोट्या धारा, कितीही असल्या तरी वर जाताना त्या एकमेकींना मिळत जातात, तुम्ही कुठल्याही सोंडेवर असा, चढत राहिलात की मुख्य धारेलाच लागता. उतरताना उलटं, तीच धार फुटत जाते. आणि ती फुटते तिथे काही पाटी नसते हो, माथ्याजवळ दोन्ही फाटे इतके सपाट असतात की आपण त्यातल्या एका सोंडेवर वळलोय हेच पन्नास-शंभर पावलं कळत नाही, त्यातली रुंद, गवताळ, चालायला मस्त वाटणारी सोंड माणसाला ओढून नेते आणि पुढे कड्यावर नेऊन सोडते, आणि खरी वाट उजवीकडे एका ओबडधोबड दगडामागून खाली वळलेली असते जी मागे वळून बघितल्याशिवाय दिसतच नाही. ओढ्याचं याच्या बरोब्बर उलटं. खाली येताना ओढे मिळत जातात, वर जाताना फुटत जातात, आणि संगमावर ज्यात पाणी जास्त तोच मुख्य ओढा असेल असं समजून लोक चुकीच्या घळीत शिरतात. म्हणजे ओढ्यातून वर आणि धारेवरून खाली असं केलंत तर दोन्ही टप्प्यांत फाटे तुमच्या विरोधात.

वेळेच्या हिशोबानेही धार आधी बरी. सकाळी वर वारा गार, हवा स्वच्छ, ढग अजून जमायचे असतात, आणि दुपारचं ऊन चढेपर्यंत तुम्ही दरीच्या सावलीत उतरलेले असता. अजून एक गंमत, रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते त्यामुळे पहाटे ओढ्याकाठी जी थंडी वाजते ती वर धारेवर कित्येकदा नसतेच. उंचीबरोबर हवा थंड होते, हजार मीटरला साडेसहा अंश वगैरे, हे सगळे शाळेत शिकलेलो असतो पण शांत रात्रीनंतरच्या सकाळी दरीत हा हिशोब उलटा होतो.

एवढं सगळं धारेच्या बाजूने बोलून आता अपवाद, आणि तो मोठा आहे. दरी आणि धार यांना जोडणारा जो चढ असतो तो कसा आहे ते आधी विचारून घ्या. तो तीव्र असेल, घसाऱ्याचा असेल, म्हणजे पायाखाली सुटी खडी आणि मुरुम, किंवा ओले शेवाळलेले दगड हाताने धरून चढायचे असतील तर तो टप्पा चढून जायचा, उतरायचा नाही, मग बाकी काही असो. अशा जागी चढताना हात, पाय, डोळे सगळं समोर असतं. उतरताना पाय कुठे पडणार ते दिसत नाही आणि सगळा भार एका टाचेवर येतो. त्यात पाऊस पडून गेला असेल तर विचारूच नका.

तर जोडचढ साधा असेल तर धारेवरून चढा. तीव्र असेल तर ओढ्यातून वर, पण मग पहाटे निघा आणि धारेवर असताना दर फाट्याला थांबून मागे वळून बघत उतरा.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वाटेत ओढा तीन-चार वेळा ओलांडावा लागतो असं कळलं. पाणी जास्त नसतं म्हणे, पण मला भीती वाटते. दगडांवरून उड्या मारत जावं की पाण्यातून?

पाण्यातून. उड्या नकोत. ओढ्यात जी माणसं पडतात त्यातली बरीच पाय कोरडे ठेवायच्या नादात पडतात, दगड वरून कोरडा दिसतो आणि कडेला शेवाळ असतं, सॅक पाठीवर असते, तोल गेला की मनगट किंवा घोटा गेलाच. बूट घालूनच पाण्यात उतरा, अनवाणी नको, तळाचे दगड धारदार असतात आणि पाय वेडावाकडा पडतो. ओले बूट तासाभरात सवयीचे होतात, जास्तीचे मोजे ठेवा म्हणजे झालं.

जागा निवडताना लोकांना अरुंद ठिकाण बरं वाटतं, दोन पावलांत पलीकडे. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं म्हणजे ते खोल तरी असणार नाहीतर वेगात तरी. पसरट जागा शोधा, जिथे पाणी खळखळतंय आणि तळ दिसतोय. आणि उतरण्याआधी खालच्या अंगाला बघा, म्हणजे समजा पाय निसटलाच तर पाणी आपल्याला कुठे नेईल. खाली उथळ वाळू असेल तर ठीक, धबधबा किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा, झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो.

ओलांडताना तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतंय तिकडे, हातात काठी, आणि आडवं आडवं सरकत जायचं, एक पाय पक्का बसला की मग दुसरा. सॅकचा कमरेचा पट्टा उघडा ठेवायचा म्हणजे पडलात तर ती सोडून देता येते. मुलीला दोन मोठ्या माणसांच्या मधे घ्या. पाणी तुमच्या गुडघ्याला येत असेल तर तिच्या मांडीला येणार हे लक्षात ठेवा, आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, त्यामुळे "काल एवढंच तर होतं, थोडं वाढलंय" या वाक्यातलं "थोडं" फसवं असतं. जोरात वाहणारं गुडघाभर पाणी म्हणजे मुलांना घेऊन परत फिरायचं.

पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा काड्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज बदलला, नुसत्या खळखळीच्या खाली एक घरघर ऐकू आली, की काठ सोडून लगेच वर चढायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी, कारण पाऊस वर माथ्यावर कुठेतरी पडलेला असतो. एक बरं आहे की लहान ओढे जसे पटकन चढतात तसे पटकन उतरतातही, पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास उंच जागी बसून राहिलं तर बऱ्याचदा वाट परत मोकळी होते. त्यासाठी हातात दिवस उरलेला हवा, हे आलंच.

प्रश्न: धारेवर असताना विजा चमकायला लागल्या तर झाडाखाली थांबायचं की उघड्यावर?

दोन्ही नाही. धार सोडायची. वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तीसपर्यंत मोजायच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर असू शकते. तेवढ्याने हलायला सुरुवात करायची. खरं तर गडगडाट ऐकू आला एवढंच पुरेसं आहे, मोजत उभं राहायचीही गरज नाही.

धारेच्या ज्या बाजूला उतार साधा असेल तिकडे जेवढं खाली जाता येईल तेवढं जा. एकटं झाड, सुटा उंच दगड, उथळ कपारीचं तोंड या जागा टाळा, कपारीत आत सुरक्षित वाटतं पण वीज तोंडाशी वरून खाली उडी मारते. सगळे एकत्र चिकटून बसू नका, अंतर ठेवा, म्हणजे काही झालं तर मदत करायला कोणीतरी शाबूत असेल. ओढ्याच्या पात्रातही जाऊन बसू नका, का ते वरच्या उत्तरात आलंय. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत वर यायचं नाही, आणि हा अर्धा तास फार लांब वाटतो, दहा मिनिटांत कोणीतरी "गेलं वाटतं" म्हणतंच.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. फोनमध्ये मॅप डाउनलोड केलाय, ट्रॅक पण आहे. तरी आमचे एक सीनियर म्हणतात कागदी नकाशा घे. कशाला? आणि हरवलोच तर ओढा धरून खाली आलं की वस्ती लागते ना?

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते कारण तो जास्त धोक्याचा आहे. ओढा धरून खाली यायचं ही सल्ल्याच्या रूपात फिरणारी भयंकर गोष्ट आहे. पाणी खाली जातं हे खरं, पण ते धबधब्यावरूनही जातं. वाट सोडून पात्रात उतरलास की आधी एक टप्पा येतो जो घसरत उतरता येतो, मग दुसरा जो बसून उतरता येतो, आणि तिसरा जो उतरताच येत नाही, आणि तोवर मागचे दोन परत चढता येत नाहीत. लोक सापडतात ते अशाच मधल्या जागी अडकलेले. ओढ्याकाठची *वाट* धरून उतरणं वेगळं आणि वाट नसताना *ओढा* धरून उतरणं वेगळं. वाट हरवली की शेवटची नक्की ओळखीची जागा आठवायची आणि तिथपर्यंत परत चढायचं, कंटाळा आला तरी. तेही जमत नसेल तर एका जागी बसायचं आणि शिट्टी, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. हा डोंगरातला ठरलेला मदतीचा इशारा आहे, उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. शिट्टी बहुतेक सॅकच्या छातीच्या पट्ट्यावर आधीच असते, बघ एकदा.

आता फोन. अ‍ॅप चांगलंच आहे, घे. पण अरुंद दरीत आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, आणि त्यांचे सिग्नल कड्यांवर आपटून येतात त्यामुळे तो निळा ठिपका कधी ओढ्याच्या या काठाला तर कधी भलत्याच उतारावर उड्या मारतो. वर फोन सारखं नेटवर्क शोधत बसतो आणि बॅटरी खातो. फ्लाइट मोडवर टाक, बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं आणि बॅटरी दिवसभर पुरते. फोन करायचा असेल तर धारेवर गेल्यावर, रेंज मिळाली तर तिथेच मिळेल.

कागदी नकाशा का, तर तो ओला होतो, फाटतो, पण बंद पडत नाही आणि अख्खी वाट एका नजरेत दाखवतो. त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचायला शिक, अर्धा तास लागेल. रेषा व्हीसारख्या वळतात, व्हीचं टोक चढाकडे असेल तर ती दरी, उताराकडे असेल तर सोंड. रेषा एकमेकींना खेटून आल्या की तीव्र उतार. एवढ्या तीन गोष्टींवर तू वाट बघण्याआधीच सांगू शकतोस की दम कुठे लागणार आणि चुकण्याची जागा कुठली. तुझ्या सीनियरना हेच म्हणायचं असणार.

प्रश्न: वाटेत ओढा आहेच तर पाणी वाहून कशाला न्यायचं? स्वच्छ काचेसारखं असतं.

काचेसारखं दिसणारं पाणी आणि पिण्यासारखं पाणी यांचा काही संबंध नाही. वरच्या अंगाला एखादं जनावर मरून पडलेलं असेल ते तुम्हाला कसं दिसणार. जिआर्डिया, लेप्टोस्पायरा असली मंडळी डोळ्याला दिसत नाहीत आणि त्रास लगेच होत नाही, काही दिवसांनी होतो, तेव्हा ओढ्याची आठवणही नसते. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवायचं, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. हातात धरायचे फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे जीव अडवतात, विषाणू बहुतेकदा नाही. क्लोरीनच्या गोळ्यांचं उलटं, विषाणू मारतात पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही.

आणि मुख्य म्हणजे धारेवर पाणी नसतं. धार म्हणजे जिथून पाणी दोन्हीकडे निघून जातं ती जागा, तिथे झरा शोधत फिरू नका. तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त, आणि ते सगळं धारेला लागण्याआधी पाठीवर हवं. वर वारा असतो त्यामुळे घाम लगेच वाळतो, आपल्याला तहान लागलीये हेच लक्षात येत नाही, डोकं दुखायला लागलं की मग कळतं.

प्रश्न: चढताना काही होत नाही, पण उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. वय ५२. सोडून द्यावं का?

अजिबात नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार आवरत असतात, ब्रेक लावल्यासारखे, आणि सवय नसेल तर त्यानेच ते दुखतात, एक-दोन दिवसांनी जास्त, मग आपोआप कमी होतं. गुडघ्याच्या आतून दुखत असेल, सूज येत असेल किंवा गुडघा अडकत असेल तर ते वेगळं, डॉक्टरांना दाखवा. बाकी पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून आपटू नका, तीव्र उतारावर सरळ न येता नागमोडी या, दोन काठ्या वापरा आणि उतारासाठी थोड्या लांब करा. उतरायला लागण्याआधी बुटाची लेस घोट्याजवळ घट्ट करा म्हणजे अंगठे पुढे आपटत नाहीत. आणि आठवड्यातून दोनदा जिने *उतरा*, चढायला लिफ्ट घेतलीत तरी चालेल.

प्रश्न: जरा अवघड प्रश्न आहे, पण दरीत "जायचं" झालं तर कुठे?

अवघड काही नाही, लोक विचारत नाहीत म्हणून ओढ्याकाठी घाण असते. पाण्यापासून, वाटेपासून आणि बसायच्या जागेपासून किमान ६० मीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं, वीतभर खोल खड्डा, वरून माती. अरुंद दरीत काठापासून ६० मीटर सरळ चढच असतो, त्यामुळे शक्यतो दरीत शिरण्याआधी उरकून घ्या. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत न्यायचे, जाड काळी पिशवी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.